मोकळ्या जागेचे माप

शिवणकामात 'माया' असा एक सुंदर शब्द आहे. कापड बेतताना शिंपी अंगाच्या मापाबरहुकूम कात्री चालवीत नाही. शिवणीसाठी, आणि पुढेमागे कपडा सैल करावा लागला तर त्यासाठीही, तो कडेला थोडे कापड अधिक ठेवतो. या अधिकच्या कापडाला माया म्हणतात. सुतारही दार चौकटीत अगदी घट्ट बसवीत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो दार आणि चौकट यांच्यात बारीक फट राखतो. कपडा अंगावर चढला किंवा दार लागले की ही माया आणि ही फट कोणाच्या नजरेत येत नाही. ती राखलेली नसली, तर मात्र पहिल्याच पावसात कळते.

संगणकाच्या जोडणीतही अशीच एक न दिसणारी गोष्ट असते. ती म्हणजे मदरबोर्डवर बसवलेल्या दोन भागांमध्ये, आणि त्या भागांच्या व कॅबिनेटच्या पत्र्यामध्ये, राहणारी मोकळी जागा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारांतून सुटे भाग घेऊन संगणक जोडून देण्याचा व्यवसाय देशभर पसरलेला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून या कामाचे रीतसर शिक्षणही मिळते. शिकणाऱ्याला भागांची नावे लवकर पाठ होतात. सारे भाग ज्या पाटीवर बसतात ती मदरबोर्ड, गणिते करणारा प्रोसेसर, त्याला थंड ठेवणारा कूलर, तात्पुरती स्मृती सांभाळणारी रॅम, चित्र दाखवणारे ग्राफिक्स कार्ड आणि वीज पुरवणारा एसएमपीएस. कोणता प्रोसेसर कोणत्या सॉकेटमध्ये जातो, कोणती रॅम कोणत्या खाचेत जाते, हेही तो शिकतो. पण हे सगळे एका पेटीत एकमेकांना न रेटता नांदतील का, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारण्याची सवय त्याला क्वचितच लावली जाते. भाग विकत आणायचे आणि मग 'बसवून बघायचे', अशी रीत पडून गेली आहे. ही रीत चुकीची आहे आणि तिची किंमत बहुधा ज्याला ती परवडत नाही अशा माणसाला मोजावी लागते.

मराठीत 'मावणे' आणि 'बसणे' ही दोन निराळी क्रियापदे आहेत, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. वस्तू एखाद्या जागेत कशीबशी शिरली तर ती मावली. ती आपल्या जागी नीट, ताण न पडता स्थिर राहिली तर ती बसली. कोंबलेली गोणी पोत्याच्या गाडीत मावते; चांगला जोडा पायाला बसतो. संगणकाच्या दुकानात मात्र दोन्ही अर्थ एकाच शब्दात उरकले जातात. 'बसेल हो,' असे विक्रेता म्हणतो तेव्हा खाच जुळेल एवढेच त्याला म्हणायचे असते. उंचीचे, लांबीचे आणि जाडीचे काय होईल, याचा त्या उत्तरात विचार नसतो.

हा घोटाळा होण्यास एक चांगली गोष्टच कारणीभूत आहे. १९९५ मध्ये इंटेल कंपनीने मदरबोर्डच्या आकाराचे एटीएक्स नावाचे मानक प्रसिद्ध केले. पूर्ण आकाराची पाटी ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद असावी, स्क्रूची भोके ठरावीक जागी असावीत, मागच्या जोडण्या एका ठरावीक भागात याव्यात, असे त्यात ठरले. पुढे २४४ मिलिमीटर चौरस आकाराचे मायक्रो-एटीएक्स आणि २००१ मध्ये १७० मिलिमीटर चौरसाचे मिनी-आयटीएक्स आले. या मानकांमुळे एका कंपनीची पाटी दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बसू लागली, आणि लहान गावातल्या कारागिरालाही हा व्यवसाय करता आला. हे उपकार मोठे आहेत. परंतु मानकाने प्रामुख्याने पाटीची लांबीरुंदी आणि भोकांच्या जागा बांधून दिल्या. पाटीवर पुढे खरेदीदार काय काय उभे करील, ते किती उंच आणि किती लांब असेल, याला असा लगाम राहिला नाही. कूलर वर वाढत गेले, ग्राफिक्स कार्डे लांब आणि जाड होत गेली, रॅमवर शोभेच्या पत्र्यांचे तुरे चढले. जमिनीचा सातबारा ठरलेला, पण माडी किती चढवावी याचा नियमच नाही, अशी ही अवस्था आहे.

एका कूलरचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ या कंपनीने २०१४ मध्ये एनएच-डी१५ नावाचा कूलर बाजारात आणला. धातूच्या पात्यांचे दोन मनोरे आणि दोन पंखे असलेला हा कूलर १६५ मिलिमीटर उंच असून पंख्यांसह त्याचे वजन सव्वा किलोहून अधिक आहे. साहजिकच पहिला प्रश्न असा, की कॅबिनेटमध्ये मदरबोर्डपासून बाजूच्या झाकणापर्यंत १६५ मिलिमीटर जागा आहे का? अनेक मध्यम आकाराच्या कॅबिनेटमध्ये ती १५५ किंवा १६० मिलिमीटरच असते. पाच मिलिमीटर म्हणजे करंगळीची निम्मी जाडीही नव्हे. पण तेवढ्यासाठी झाकण लागत नाही, आणि मग ते उघडेच ठेवलेले संगणक जागोजागी दिसतात. त्यांत धूळ जाते, पाली जातात, मुलांची बोटे जातात.

दुसरा प्रश्न रॅमचा. या कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या खाचांवर येतो आणि त्याच्या खाली ३२ मिलिमीटर उंचीपर्यंतचीच रॅम राहू शकते. साध्या डीडीआर४ रॅमची पट्टी ३१.२५ मिलिमीटर उंच असते, म्हणजे ती जेमतेम जाते. मात्र रंगीत दिव्यांची किंवा जाड धातूचे कवच चढवलेली रॅम ४४ मिलिमीटर, काही ठिकाणी ५१ मिलिमीटर इतकी उंच असते. अशी रॅम असेल तर पंखा वर सरकवता येतो, आणि पुष्कळ जण तेवढ्यावर समाधान मानतात. ४४ मिलिमीटरच्या रॅमसाठी पंखा १२ मिलिमीटर वर गेला की ढोबळ हिशेबाने कूलरची एकूण उंची १६५ वरून १७७ मिलिमीटरवर जाते, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही. रॅमपाशी मिळवलेली जागा झाकणापाशी गमावलेली असते. भाग सुटे सुटे मोजून भागत नाही. एकाचे माप बदलले की दुसऱ्याचेही बदलते, ते असे. त्याच कंपनीने २०१५ मध्ये याच कूलरची एकाच पंख्याची, मधोमध नसलेली तिरकस रचना आणली. रॅम आणि वरच्या कार्डाची खाच दोन्ही मोकळ्या राहाव्यात, हाच तिचा हेतू होता. बनवणारी कंपनीच जर केवळ मोकळ्या जागेसाठी नवी रचना काढीत असेल, तर जोडणाऱ्याने त्या जागेला किरकोळ समजण्याचे कारण नाही.

शिवाय वजन आहेच. सव्वा किलोचा धातू उभ्या पाटीवर आडवा लटकतो. त्याची पकड मजबूत असते हे खरे. पण तो बसवलेला संगणक रिक्षात घालून खडबडीत रस्त्याने नेला, तर नाकापेक्षा मोती जड झाल्याचा अनुभव येऊ शकतो.

ग्राफिक्स कार्डाबाबत सर्वांत अधिक फसगत होते, कारण तो भाग महाग असतो आणि बहुधा नंतर घेतलेला असतो. कार्डाच्या खाचा एकमेकींपासून २०.३२ मिलिमीटर अंतरावर असतात. दोन खाचांइतके जाड कार्ड लावले की शेजारची खाच झाकली जाते. आजची मोठी कार्डे तीन खाचांची जागा घेतात आणि त्यांची लांबी ३०० मिलिमीटरच्या पुढे जाते. पेटीच्या पुढच्या बाजूला पंखे किंवा हार्ड डिस्कचा पिंजरा असेल तर ते तेथे अडते. वीजजोडणीची तार कार्डाच्या कडेतून बाहेर येत असेल तर तिला वळायला आणखी तीन-चार सेंटिमीटर लागतात, आणि हे माप खोक्यावर सहसा छापलेले नसते. २०२२ मध्ये नव्या सोळा पिनांच्या वीजजोडणीची कार्डे आली, तेव्हा काही ठिकाणी जोडणी वितळल्याच्या तक्रारी झाल्या. जोडणी पूर्ण आत न बसणे, हे त्यामागचे एक कारण पुढे आले. झाकणाने तार दाबली जात असेल तर जोडणीवर सतत ताण राहतो; म्हणून तेवढी जागा आधीच पाहून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

आपल्या देशात याहून साधी आणि अधिक वारंवार घडणारी गोष्ट निराळी आहे. कार्यालयांतून बाहेर पडलेले, बारीक बांध्याचे जुने संगणक दुरुस्त करून स्वस्तात विकले जातात. एखादे कुटुंब मुलीच्या शिक्षणासाठी असा संगणक घेते. पुढे तिला चित्रांकनाचे किंवा आराखड्यांचे काम शिकायचे असते, म्हणून घरचे पैसे साठवून ग्राफिक्स कार्ड आणतात. खाच तीच, कार्डही चांगले. पण नेहमीच्या कार्डाची पाटी सुमारे १११ मिलिमीटर उंच असते आणि त्या बारीक पेटीत सुमारे ६९ मिलिमीटर उंचीचे, 'लो प्रोफाइल' प्रकारचेच कार्ड जाते. खोके फोडलेले असल्याने दुकानदार ते परत घेण्यास खळखळ करतो. येथे कोणताही भाग बिघडलेला नसतो, कोणी लबाडीही केलेली नसते. एक माप विचारायचे राहिलेले असते, आणि महिन्याची बचत टेबलावर पडून राहते.

आतापर्यंत सांगितलेल्या अडचणी निदान डोळ्यांना दिसतात. पाटीच्या खालची अडचण दिसत नाही, दृष्टिआड सृष्टी. मदरबोर्डच्या मागच्या बाजूला शेकडो डाख दिलेली टोके असतात आणि ती पेटीच्या पत्र्याला टेकू नयेत म्हणून पाटी पितळी स्टँडऑफवर, म्हणजे लहान उभ्या खुंट्यांवर, उचलून धरलेली असते. हे अंतर साधारण सहा-सात मिलिमीटरचे असते. एवढ्या पोकळीवर साऱ्या संगणकाचे प्राण अवलंबून असतात. पेटीत आधी मोठी एटीएक्स पाटी बसवलेली असेल आणि नंतर तिच्या जागी मायक्रो-एटीएक्स पाटी आणली, तर आधीच्या काही खुंट्यांवर आता भोक येत नाही. ती खुंटी काढायची राहिली, तर तिचे पितळी डोके पाटीच्या पाठीवर उघड्या टोकांना टेकते. बटण दाबताच कधी काहीच होत नाही, कधी संगणक चालू होऊन लगेच बंद पडतो, आणि कधी पाटी कायमची जाते. दोष शोधणारा मात्र रॅम बदलून पाहतो, एसएमपीएस बदलून पाहतो, प्रोसेसर काढून पुन्हा घालतो. खुंटी तेथे शांतपणे टेकलेलीच असते. उलट प्रकारही घडतो: जेथे भोक आहे तेथे खुंटी लावलेली नसते, आणि रॅम किंवा कार्ड दाबून बसवताना आधार नसलेली पाटी खाली वाकते. अनेक पेट्यांच्या पत्र्यावर प्रत्येक भोकाजवळ कोणत्या आकाराच्या पाटीसाठी ते आहे याची अक्षरे कोरलेली असतात. ती वाचायला अर्धा मिनिट लागतो.

एम.२ प्रकारच्या साठवणीच्या पट्ट्यांचेही असेच आहे. २२८० या आकड्याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, एवढाच. आकड्यातच माप लिहिलेले असूनही ते फार थोडे जण वाचतात.

समजा, सर्व भाग एकमेकांना न लागता बसले. तेवढ्याने काम झाले असेही नव्हे. कूलर प्रोसेसरला हवेने थंड करतो, म्हणजे तो खोलीतल्या हवेपेक्षा अधिक थंड कधीच करू शकत नाही. नागपूर किंवा दिल्लीच्या मे महिन्यात जेथे खोलीच तापलेली असते, तेथे हाताशी असलेला फरक मुळात कमी होतो. अशा वेळी ग्राफिक्स कार्डाचे पंखे समोरच्या पत्र्यापासून बोटभर अंतरावर असतील, तर त्यांना ओढायला ताजी हवाच मिळत नाही. भाग तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि मालक म्हणतो, 'संगणक जुना झाला.' मोकळी जागा ही रिकामी जागा असते, तीत काही होत नसते, ही समजूत येथे खोटी ठरते. हवेचे सारे काम तीतच चालते.

मुरलेले कारागीर या मोजमापाला हसतात. वीस वर्षे हे काम केलेल्या माणसाला फूटपट्टी लागत नाही, त्याच्या नजरेतच माप असते, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. अनुभवी डोळ्याला पेटी पाहताच रुंदीचा अंदाज येतो. परंतु ती नजर ज्या भागांवर तयार झाली ते भाग आता बाजारात नाहीत. दोन हजारच्या दशकातील पुष्कळ कार्डे एका खाचेत मावत आणि प्रोसेसरचे पुष्कळ कूलर तळहाताएवढे असत. त्या काळच्या अंदाजाने आजचे कार्ड तोलता येत नाही. शिवाय तीन मिलिमीटरचा फरक कोणत्याही नजरेला दिसत नाही. सोनार आयुष्यभर सोने हाताळतो, तरी तराजू बाजूला ठेवीत नाही, आणि त्यामुळे त्याला कोणी अननुभवी म्हणत नाही.

'जुगाड' करण्याच्या वृत्तीचे हल्ली फार कौतुक होते. अडलेला पत्रा कापून, पिंजरा काढून, कवच घासून भाग बसवणारा कारागीर हुशार मानला जातो. काही वेळा ते योग्यही असते. जुन्या पेटीतला हार्ड डिस्कचा रिकामा पिंजरा स्क्रू काढून बाजूला केला, तर त्यात काहीच बिघडत नाही. पण कार्ड थोडे वाकवून घालणे, रॅमवर पंखा टेकवून ठेवणे, झाकण दोरीने बांधणे यांना हुशारी म्हणणे कठीण आहे. असा संगणक दुकानातून चालत बाहेर पडतो आणि चार-सहा महिन्यांनी दुसऱ्याच कोणाच्या तरी टेबलावर बंद पडतो. वाकल्याने किंवा जळल्याने झालेली हानी हमीपत्रात सहसा येत नाही, म्हणून भुर्दंड ग्राहकाला पडतो. आणि पाटी दुकानातच जळली, तर तिची किंमत नव्याने कामाला लागलेल्या मुलाच्या पगारातून कापली जाण्याची भीती असते. त्याला पट्टी कोणी दिलेली नसते. दोष मात्र त्याच्या हातांना दिला जातो.

म्हणूनच सगळा भार जोडणाऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही. कॅबिनेट किती उंचीचा कूलर आणि किती लांबीचे कार्ड घेते हे आकडे उत्पादक प्रसिद्ध करतात. ते दुकानाच्या फळीवर ठळक लावून ठेवायला विक्रेत्याला खर्च येत नाही. मोठे कार्ड मागणाऱ्याला 'पेटी कोणती आहे?' असा उलट प्रश्न करणे हे विक्रेत्याचे कामच आहे. औषधविक्रेता चिठ्ठी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसेच हे. प्रशिक्षणातही बदल हवा. प्रात्यक्षिकात सुटे झालेले भाग पुन्हा त्याच पेटीत जोडायला सांगितले, तर मापाचा प्रश्न उद्भवतच नाही, कारण ते भाग तेथे बसतात हे आधीच सिद्ध झालेले असते. विद्यार्थ्यापुढे न जुळणारे दोन-तीन भाग मुद्दाम ठेवावेत, आणि पेचकस हाती घेण्यापूर्वी यांतले कोणते जाणार नाही व का, हे त्याला कागदावर लिहायला लावावे. अशी परीक्षा घेणे अवघड नाही. तिला लागणारे जुने भाग कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात कोपऱ्यात पडलेले असतात.

प्रत्यक्ष मोजणीला फार काही लागत नाही. सहा इंची पोलादी पट्टी आणि मोजफीत पुरते. व्हर्निअर कॅलिपर असेल तर उत्तम. पेटी आडवी ठेवून पाटीच्या पातळीपासून झाकणाच्या कडेपर्यंतची उंची घ्यावी. पत्र्यापासून मोजले, तर पाटीची जाडी व खुंटीची उंची त्यातून वजा करायला विसरू नये, कारण पत्र्यापासून मोजलेली उंची फसवी असते. कार्डाच्या खाचेपासून पुढच्या पंख्यापर्यंत मोजावे, पेटीच्या पुढच्या पत्र्यापर्यंत नव्हे. प्रोसेसर, कूलर आणि रॅम पेटीबाहेर, मदरबोर्डच्या खोक्यावरच एकदा जुळवून पाहावे. तेथे चूक आढळली तर ती कोणाला महागात पडत नाही. कूलरची पाती आणि रॅम यांच्यामधून साधे पोस्टकार्ड सरकत नसेल, तर ते दोन भाग एकमेकांना टेकले आहेत असे समजावे. एवढे सारे करायला सवय नसलेल्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात.

मिळालेली मापे वहीत राहिली तर ती वही दुकानात राहते आणि संगणक ग्राहकाच्या घरी जातो. काही काळजीपूर्वक काम करणारे कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला एक छोटा कागद चिकटवतात. त्यावर कूलरसाठी किती उंची शिल्लक आहे, कार्डासाठी किती लांबी आहे, कोणत्या खुंट्या काढल्या आहेत आणि जोडणीची तारीख काय, एवढे लिहिलेले असते. तीन वर्षांनी दुसऱ्या गावातला दुसरा कोणी ते झाकण उघडील, तेव्हा त्याला पट्टी शोधावी लागणार नाही.